रुमालाखालचा भाव

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचा शनिवार, साल १९५२. जळगावच्या गुरांच्या बाजारात माझ्या थोरल्या भावाने बैलजोडी घेतली, सहाशे चाळीस रुपयांना. चाळीस इसार दिला; उरलेले सहाशे, आठ दिवस बैल औताला जुंपून पाहिल्यावर द्यायचे. हजर तिघे: भाऊ, धुळ्याचा व्यापारी आणि मी. पण आकडा मी ऐकला तो घरी परतताना, भावाच्या तोंडून. बाजाराच्या रिवाजाप्रमाणे सौदा रुमालाखाली बोटांनी झाला होता. मला दिसला तो नुसता हलणारा रुमाल.

रविवारी सकाळी व्यापाऱ्याचे प्रेत नशिराबादच्या रस्त्यालगत नाल्यात सापडले. मान मागून कुऱ्हाडीने तोडलेली, कातड्यावर लोंबत होती. कमरेचा पैशांचा कसा कापून नेलेला.

सोमवारपर्यंत तो रुमाल अर्ध्या बाजाराने वाचला होता. कोणी म्हणे सौदा दोन हजारांचा. कोणी म्हणे व्यापारी हात ओढत होता, भाऊ सोडत नव्हता. पोलिसांनी भावाला नेले आणि चौकशी करून घरी पाठवले. गावाने त्याला चावडीपुढे पाडले.

"सांग, रुमालखाले काय ठरनं?"

"सहाशे चाळीस."

"इतलासा पैसासाठे कोनी मान तोडस का रे?" मागून एकाने विचारले. लोक हसले.

हसू ओसरायच्या आत वखराचा दांडा भावाच्या उजव्या हातावर बसला. मी मध्ये पडलो, माझे दोन दात गेले. दांडा पुन्हा पुन्हा पडत राहिला. भावाची चार बोटे मोडली, करंगळीचे हाड बाहेर आले. तो ओरडला नाही, मातीत ओकला.

खुनी अजून सापडलेला नाही. त्या दिवसांत त्या नाल्याशी चोपड्याच्या, भुसावळच्या गाड्या थांबत. माणसे पोरांना रक्ताचा दगड दाखवत. दगड दर खेपेला वेगळा असे. परवा धुळ्याच्या एस.टी.त शेजारच्याने मलाच सारा खून सांगितला, घाव मोजून. त्याच्याही गोष्टीत मारणारा बैल घेणाराच होता.

सौद्याचे आठ दिवस भरले तेव्हा भावाचा हात खांद्यापर्यंत सुजला होता. आमचे चुलते म्हणाले, "आता कोण मागतंय? पैसे नेलेस तर लोक म्हणतील, लुटीतलेच परत करतोय. फाशी जाशील."

"बैल चांगले चालले ना, आबा," भाऊ म्हणाला.

आम्ही धुळ्याला गेलो. गल्लीत एकाने त्याच्या बांधलेल्या हातावर मुद्दाम खांदा हाणला. भाऊ भिंतीला धरून उभा राहिला. दारात व्यापाऱ्याचा मेहुणा काठी घेऊन होता. भावाने त्याला बैलांचे उरलेले सहाशे आणल्याचे सांगितले.

"सहाशेच? बाकीचे कुठे पुरलेस?"

त्याने काठी उचलली. आतून व्यापाऱ्याची बायको उंबऱ्यापर्यंत आली.

"थांब. ते घरी भाव सांगत नसत," ती म्हणाली. मग भावाकडे पाहून, "बैल कसे निघाले?"

"डावा जरा हट्टी आहे. पण ओढतो."

"तो हट्टीच होता. घरी आम्हीच चारला त्याला." तिने पदर पुढे केला.

मेहुण्याने काठी खाली घेतली नव्हती. भावाला बोटे हलवता येत नव्हती, म्हणून नोटा मी मोजल्या: सहाशे रुपये, त्या बाईच्या पदरात.