भंडारा टाकलेली जीप

हौशीराम आबांच्या लायसन्सवरचा फोटो बघितला की वाटायचं, हा माणूस गाडी चालवायला नाही, गाडीला धरून आणायला निघालाय. डोक्याला भलंमोठं मुंडासं, डोळे वटारलेले, मिशा फोटोच्या चौकटीत मावत नाहीत. फोटोवाल्याने मुंडासं काढायला सांगितलं होतं म्हणे. आबा म्हणाले, "मुंडासं काढल्यावर मला कोन वळखंल? मीच न्हाई वळखायचा."

आबांची वस्ती आणि आमची वस्ती यांच्यामध्ये फक्त पाण्याची चारी. दोन्ही राहू गावच्या शिवारात. आबांच्या वडिलांचं आयुष्य मेंढरांमागे गेलं, आबांचं निम्मं गेलं. मग शेताला पाणी आलं, ऊस आला, चराईला रान उरलं नाही. आबांनी कळप विकला आणि एक जुनी जीप घेतली. राहू ते केडगाव स्टेशन अशी वडापची माणसं भरायची आणि सोडायची, एवढाच धंदा. जीप सुरू करताना आबा चावी फिरवायचे आणि तोंडाने "हुर्रर्र" करायचे. आत बसलेल्या माणसांना आपण मेंढरं आहोत असं वाटायचं, आणि बसवलेलंही तसंच असायचं.

"पप्पू, उभ्या हयातीत पावती फाडली न्हाई," असं ते मला ऐकवायचे.

"कशी फाडतील आबा? तुमच्या जीपचा वेग बघून पोलिसाला वाटायचं, उभीच आहे."

"तुझ्या कालेजात हेच शिकिवत्यात का?" असं म्हणून ते हसायचे.

पण आबांची ओळख जीपमुळे नव्हती. त्यांची ओळख भंडाऱ्यामुळे होती. आमच्या चार वस्त्यांवर मेंढी विकायची असो, बैल किंवा म्हैस असो, सौदा ठरला की आबांना बोलावणं यायचं. आबा खंडोबाचं नाव घेऊन जनावराच्या पाठीवर चिमूटभर भंडारा टाकायचे. पिवळी पाठ झाली की व्यवहार संपला. मग विकणाऱ्याने ते जनावर पुन्हा कधी 'माझं' म्हणायचं नाही, चुकूनसुद्धा नाही. म्हटलं तर देवाशी खोटं बोलल्यासारखं. आणि भंडारा टाकणाराही असाच लागायचा, ज्याची जीभ कधी फिरली नाही. म्हणून आबा.

कंबर धरायला लागली तेव्हा आबांनी जीप विकली. घेणारा कवठे येमाईचा चांगदेव. बिचारा स्टॅम्प पेपर घेऊन आला होता.

"ह्ये काय?" आबांनी विचारलं.

"कागद, आबा. नावावर करून घ्यायला."

"आन् भंडारा कशाला हाय मग? भंडाऱ्यावर कागुद ठिवनार व्हय रं तू?"

आबांना खरंच लागलं होतं. त्यांनी जीपच्या बॉनेटवर भंडारा टाकला, चावी आणि आरसी बुक चांगदेवच्या हातात दिलं. चांगदेवनेही पेपरची घडी करून खिशात घातली. पुण्याच्या आरटीओत हेलपाटा वाचला म्हणून तो आतून खूशच दिसत होता. जीप गेली. नाव आबांचंच राहिलं. मेंढीला कुठे नंबर असतो? तिची पाठ पिवळी झाली की झालं. जीपचंही तसंच असणार, असं आबांना वाटलं आणि आम्हा कुणाला वेगळं वाटलं नाही.

पुढे बरीच वर्षं गेली. एक दिवस मोटारसायकलवर हवालदार वस्तीवर आला. शिक्रापूरच्या चौकात वाहनांची तपासणी चालू असताना कोंबून माणसं भरलेली एक जीप अडवली होती. ड्रायव्हर लायसन्स नाही म्हणाला आणि चावी टाकून कंपन्यांतल्या कामगारांच्या खोल्यांमधून पळाला, तो सापडलाच नाही. गाडीला विमाही नव्हता. नंबरावरून मालक शोधला तर निघाले हौशीराम, राहणार राहू, तालुका दौंड.

"गाडी बिनलायसनवाल्याच्या ताब्यात का दिली?" हवालदाराने विचारलं.

"म्या कुठं दिली? म्या तर इकली."

"कुणाला?"

"चांगदेवला. कवठ्याच्या."

"कागद?"

आबांनी चुलीकडे, बायकोकडे बघितलं. धुरपदाकाकू चुलीपुढून म्हणाल्या, "सायेब, भंडारा टाकला हुता की! ह्या हातानं मी च्या केलता त्या दिवशी."

हवालदार वाईट माणूस नव्हता. त्याने चहा घेतला, समन्स दिलं आणि म्हणाला, "मावशी, कोर्टात भंडारा चालत न्हाय."

आम्ही दोघं कवठ्याला गेलो. चांगदेवने पाण्याचा तांब्या पुढे केला, गादी टाकली, सगळं रीतसर. मग म्हणाला, "आबा, मी तर ती दोनच वर्षांत इकली. शिक्रापुरात एक जन वडापला पळवायचा, त्याला. त्यो आता कुठं हाय, द्येव जाने."

"मंग कोर्टात येऊन एवढंच सांग, की म्या तुला इकली."

चांगदेव खाली बघत म्हणाला, "आबा, मी सांगितलं की केस माज्यावर येनार. आन् तुमीच म्हनला हुता, भंडारा पडला की संपलं. मी बी तसाच भंडारा टाकून दिली पुढं."

आबांनी तांब्या खाली ठेवला. त्यांच्याच शिकवणीने त्यांना उत्तर दिलं होतं. परतीच्या एसटीत ते एवढंच म्हणाले, "पोरगं खोटं न्हाई बोललं."

मी म्हणालो, "खरंही नाही बोललं."

केडगावच्या गोकुळ वकिलाकडे गेलो. चुणचुणीत माणूस, आबांच्याच जीपमधून शाळेला जायचा. त्याने ऐकून घेतलं आणि आबांना समजावलं. आबा प्रत्येक वाक्याला कुठेतरी वाट दिसेल या आशेने प्रश्न विचारत होते.

"माजं नाव काडून टाका की बुकातनं."

"त्याला गाडी हजर लागते, आबा."

"गाडी चौकीत हाय."

"चौकीतनं ती मालकालाच मिळते."

"मालक कोन?"

"तुम्ही."

"पन म्या इकली!"

"मग घेणाऱ्याला आणा, त्याची सही लागते."

"त्यो येत न्हाई म्हंतो."

गोकुळने हात जोडले. "म्हणून सांगतो, कबूल म्हणा. दंड होईल, विषय संपेल. नाही म्हणालात तर तारखा पडत राहतील, आणि साक्षीला माणूस नाही."

"कबूल म्हंजी काय म्हनायचं?"

"गाडी माझी, एवढंच."

आबा उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. दंडाचं त्यांना काही नव्हतं, ते त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. "दंड भरंन मी. पन 'माजी' कसं म्हनू? ज्या हातानं भंडारा टाकला, त्या तोंडानं?"

मला हसू येत होतं, कारण हाताचं आणि तोंडाचं त्यांनी गडबडून एकत्र केलं होतं. पण त्यांचा चेहरा बघून हसलो नाही. मी म्हणालो, "आबा, देवाला माहीत आहे की."

"द्येवाला माहीत हाय म्हनून तर."

आधी ते 'न्हाई'च म्हणाले. त्यापायी चार-पाच तारखा गेल्या. तारखेला निघायचं म्हणजे अख्खा दिवस जायचा, रानातला कांदा काकूंवर पडायचा. एकदा काकूंना ताप होता तरी आबांना जावं लागलं. त्या तारखेला कोर्टाचे साहेब रजेवर होते. संध्याकाळी आबा परत आले, काकूंच्या कपाळाला हात लावून बसले आणि मला म्हणाले, "सांग गोकुळला. म्हंतो म्हनावं."

पुढच्या तारखेला पुकारा झाला. आबा मुंडासं नीट करून उभे राहिले.

"गाडी तुमची का?" साहेबांनी विचारलं.

"नावावर हाय."

"म्हणजे तुमची ना?"

आबांनी गोकुळकडे बघितलं. गोकुळने मान हलवली. मग आबांनी माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? मी खिडकीकडे बघायला लागलो.

"बाबा, हो की नाही ते सांगा. मागे लोक खोळंबलेत."

"व्हय," आबा म्हणाले. "माजी."

आवाज इतका बारीक होता की कारकुनाने पुन्हा विचारलं. म्हणून ते दोनदा म्हणावं लागलं.

दंड भरला, आबांच्या आयुष्यातली पहिली पावती फाटली. मला वाटलं सुटलो. पण चौकीतून सांगणं आलं, गाडी घेऊन जा, जागा अडते. आता गंमत बघा. आबांचं लायसन्स कधीच संपलं होतं, आणि माझ्याकडे ते नव्हतंच. आपलीच म्हणून कबूल केलेली गाडी चालवत आणली असती तर बिनलायसनचा गुन्हा पुन्हा तिथेच लागला असता. शेवटी उसाच्या ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत आणली. आबा ट्रॅक्टरवर बसले नाहीत, जीपमध्येही बसले नाहीत. एसटीने वेगळे आले.

जीप त्यांच्या बांधाबाहेर, चारीच्या कडेला उभी केली. चाकं बसलेली, सीटं फाटलेली. दौंडचा एक भंगारवाला बघून गेला.

"मालक कोण?" त्याने विचारलं.

काकू आबांकडे बघत म्हणाल्या, "आवं, द्या की. लोखंडाचं तरी काय हुईल ते हुईल. कागदावर तुमचीच हाय ना आता?"

"एकदा इकलेलं दुसऱ्यांदा इकत्यात व्हय?"

"मंग चांगदेवला सांगा, न्ये म्हनावं."

"त्यानं बी इकलीय."

भंगारवाल्याने माझ्याकडे बघितलं, मी खांदे उडवले. तो गेला.

मार्गशीर्षात शंभू आला. शंभूची वस्ती चारीच्या वरच्या अंगाला. त्याने चार मेंढ्या विकायला काढल्या होत्या, गिऱ्हाईक दारात उभं होतं. "आबा, चला. भंडारा टाकायचाय."

आबा खाटेवरून उठले नाहीत. "दुसऱ्याला न्ये."

"दुसरा कोन?"

"कुनी बी. मला नगं."

"असं काय करता आबा? कोर्टाचं काय घिऊन बसलाय? ते कागदावरचं."

"कागुदच करा मंग," आबा म्हणाले. "पप्पूला न्ये. त्याला लिवता येतं."

शंभूला आधी ती थट्टा वाटली. मग त्याने आबांचा चेहरा बघितला आणि मागे फिरला. मेंढीचा कागद म्हणजे काय, तो लिहायचा कसा, हे गिऱ्हाइकाला कुणालाच सांगता येईना. मी वही आणली, बसलो आणि 'विकणार' लिहिलं, 'घेणार' लिहिलं. मग मेंढ्यांची ओळख काय लिहायची ते विचारलं. शंभू एक काळ्या तोंडाची आहे म्हणाला, बाकीच्या तिन्ही सारख्याच.

"आबांना विचार," तो म्हणाला. "त्यास्नी एकेक वळखू येती."

मी चारीवरून हाक मारली. आबांनी हात वर करून 'नको' केलं आणि कांद्याला पाणी द्यायला निघून गेले.