घाटात उलटी चढलेली मोटार

पेट्रोलचा वास आला की अजून माझा जीव गुदमरतो. पहिल्या बाळंतपणात मूल आडवं आलं, म्हणून मला चौक गावाहून घाटमाथ्यावरच्या दवाखान्यात नेत होते. गावातल्या गिरणीवाल्यांची जुनी मोटार सपाटीवर नीट धावली. खोपोलीपुढे चढ लागताच आचके देऊ लागली आणि बंदच पडली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, डोक्यावर तापलेलं टप, आणि कळांवर कळा. उतरून जाणार तरी कुठं? "काय झालं रं गाडीला?" सासूबाई ओरडल्या. ड्रायव्हरनं सीट उचलून टाकीत काडी बुडवली. "पेट्रोल हाय, पण थोडं. चढावर इंजिन टाकीच्या वर जातं, मग पोचत नाय. उलटी चढवतो, म्हंजी टाकी वर ऱ्हाईल." गाडी मागं घरंगळवत त्यानं रुंद जागा गाठली, दरीच्या काठाशी ती वळवली आणि मान मागं वळवून अख्खा घाट उलटा चढला. इंजिन एकदाही अडखळलं नाही. मी वाचले, मूल गेलं. "तुज्या गाडीनं घात केला," सासूबाई ड्रायव्हरला म्हणाल्या. मी सगळं ऐकत होते, पण नवी सून, गप्प राहिले. आज माझा शब्द घरात चालतो. पण तुझ्यामुळंच मी वाचले, हे त्या ड्रायव्हरला सांगायचं मात्र राहूनच गेलं.