बापाला कुठं ठेवलं

माझ्या हातात पाण्यानं भरलेलं पितळी घंगाळ होतं आणि खांद्यावर बारा टॉवेल. वेदीपुढं बारा खुर्च्या मांडलेल्या. त्यांवर बारा नवे विद्यार्थी, चपला काढून बसलेले. त्यांत तीन मुली. आम्ही नवे एकूण चौदा होतो.

तेरावा मी. चौदावा सेल्वराज. त्याच्याकडं सांडपाण्याची बादली होती.

संस्थेच्या प्रमुखांना सगळे अय्या म्हणत. ते गुडघ्यांवर बसून एकेकाचे पाय धूत होते. प्रभूनं शिष्यांचे धुतले, तसे. मी तांब्यानं पाणी ओतायचं, त्यांनी धुवायचं, मी टॉवेल द्यायचा, सेल्वराजनं बादली पुढं सरकवायची. बारा जण झाले. अय्या उठले. त्यांनी हात जोडून प्रार्थना केली, "प्रभू, तू आम्हां सर्वांना एकमेकांचे सेवक केलंस."

सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणालो.

माझे पाय कोरडे होते. ते मला तेव्हा जाणवलंसुद्धा नाही. मला वाटलं, मान मिळाला.

कुंभकोणमला मी आलो, तेव्हा दादांना जाऊन महिना झाला नव्हता. दादा म्हणजे माझे वडील. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावात आयुष्यभर प्रचारक. रविवारी उपदेश तेच करायचे, आजाऱ्यांकडं तेच जायचे, पण प्रभुभोजन द्यायला तालुक्याहून पाळकसाहेब यायचे. दादांना दीक्षा कधी मिळाली नाही. त्यासाठी शिकायला पाठवावं लागतं, आणि त्यांना कुणी पाठवलं नाही. त्यांच्याजवळ ग्रीकचं, नव्या कराराच्या मूळ भाषेचं, एक जुनं प्राथमिक पुस्तक होतं, वर्तमानपत्राचं वेष्टन घातलेलं. त्यातली अक्षरं तेवढी ते शिकले होते. मला म्हणाले होते, "पुढचं तू शीक."

म्हणून मी आलो. धर्मशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात जाण्याआधी दहा आठवड्यांचा तयारी वर्ग असायचा. ग्रीक, इंग्रजीत निबंध, तळटीप कशी द्यायची, शास्त्रातला उतारा वाचून त्याला प्रश्न कसा विचारायचा. शेवटी अय्या पत्र देत. त्या पत्रावर पुढचा प्रवेश.

पहिल्या दिवशी मुलाखत झाली. माझं इंग्रजी अडखळत होतं. अय्या हसून म्हणाले, थांब, तुझ्या भाषेत विचारू. त्यांनी कचेरीतल्या बाईंना बोलावलं. बाई जवळच्याच मेलकावेरी भागात राहणाऱ्या, तंजावरच्या जुन्या मराठी घरातल्या, हिंदू. त्यांचं मराठी ऐकून माझ्या अंगावर काटा आला. इतक्या लांब, आणि माझी भाषा. तीही जुन्या पोथीतून उठून आल्यासारखी.

अय्या तमिळमध्ये काहीतरी म्हणाले. बाईंनी मला विचारलं, "तुमच्या वडिलांस कोठें ठेविलें, असें विचारतात."

ठेविलें. पुरलें नाही, ठेविलें. महिनाभर मी रडलो नव्हतो. तिथं डोळे भरून आले. मला वाटलं, हा माणूस माझ्या दुःखाची चौकशी करतोय. मी सगळं सांगितलं. गावाचं स्मशान नदीच्या वरच्या अंगाला आहे. आमचं वेगळं, ओढ्याच्या खाली, हाडकीत. पूर्वी आमच्या लोकांनी मेलेली ढोरं ओढून न्यायची, ती जमीन. आता तिथं क्रूस आहेत. दादांच्या उशाशी मी कडुनिंब लावलाय.

बाईंनी एकेक वाक्य तमिळमध्ये केलं. अय्यांनी माझ्या अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं.

"वाईट वाटलें म्हणतात," बाई म्हणाल्या.

चार दिवसांनी त्याच बाई निरोप घेऊन आल्या. "पाय धुण्याचे दिवशी तुम्ही पाणी धरावें म्हणतात. सेवेचा मान आहे." बोलताना त्या माझ्याकडं बघत नव्हत्या.

त्या दिवशी उपासना संपल्यावर स्वयंपाकघरामागच्या नळावर सेल्वराज आणि मी टॉवेल पिळत होतो. तो तिथलाच, जवळच्या एका खेड्यातला. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान.

"अण्णा," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "तुला कुणी जात विचारली?"

"नाही. ख्रिस्ती मंडळीत कोण विचारतं?"

तो हसला. "बाप कुठं पुरला, ते विचारलं?"

माझा हात थांबला.

"आमच्या गावच्या कबरस्तानात मधोमध भिंत आहे," तो म्हणाला. "कुठल्या बाजूला, एवढं कळलं की झालं. इथं जात कोण विचारत नाही अण्णा. कबर विचारतात. तू आठवडाभरात ग्रीक वाचायला लागलास, एवढं नाही वाचता आलं?"

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, बाप जिवंत आहे. तर म्हणाले, आजोबा?"

तो पुन्हा हसला. मी टॉवेल पिळत राहिलो. त्यातून केव्हाच पाणी येणं बंद झालं होतं.

मी ज्याला सांत्वन समजलो, ती चौकशी होती. ज्याला मान समजलो, ती जागा होती. आणि ती जागा मीच दाखवून दिली होती. माझ्या भाषेत. रडत.

नऊ आठवडे मी कुणाशी फार बोललो नाही. ग्रीक केलं. दादांच्या पुस्तकात जिथं त्यांची पेन्सिलीची खूण थांबली होती, तिथून पुढं. निकाल लागला, तेव्हा ग्रीकमध्ये माझं नाव पहिलं होतं.

समारोपाला पुन्हा पाय धुण्याचा विधी असे. आदल्या दिवशी अय्यांनी मला बोलावलं. बाई शेजारच्या टेबलावर होत्या. अय्या इंग्रजीत म्हणाले, "पाणी तू फार नीट धरतोस. एक थेंब सांडत नाही. उद्याही तूच."

मला माझ्या दादांचे पाय आठवले. टाचांच्या भेगांत माती बसलेली. चाळीस वर्षं घरोघरी चालले. त्यांचे पाय कुणी धुतले नव्हते. मी धुतले, माती द्यायच्या आधी.

मी बाईंकडं वळलो. मराठीतच बोललो.

"बाई, अय्यांना सांगा. मी पाणी धरणार नाही. उद्या चौदा खुर्च्या मांडल्या, तरी मी बसणार नाही. बापाला कुठं ठेवलं, ते मी दुःखात सांगितलं होतं. त्यावरून ह्यांनी खुर्च्या मोजल्या."

बाईंनी समोरचं रजिस्टर मिटलं. मग तमिळमध्ये बोलल्या. दहा आठवड्यांत मला तेवढं तमिळ समजायला लागलं होतं. त्यांनी एकही शब्द मऊ केला नाही.

अय्यांनी चष्मा पुसला. "पत्र मी लिहितो, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी घंगाळ सेल्वराजनं धरलं. बादलीही त्यानंच ओढली. त्याला पत्र हवं होतं. मी त्याला दोष देत नाही.

माझ्या पत्रात अय्यांनी लिहिलं, बुद्धी चांगली, नम्रता नाही. त्या वर्षी प्रवेश गेला. पुढच्याही वर्षी गेला. तिसऱ्या वर्षी दुसऱ्या राज्यात मिळाला. पदवी झाली, त्या उन्हाळ्यात मी गावी गेलो. कडुनिंब जगला नव्हता. दुसरा लावला.

आता मी कुंभकोणमला परत आलोय. त्याच तयारी वर्गाला ग्रीक शिकवतो. अय्या निवृत्त झाले, बाईही. मला वाटलं होतं, ती पेन्सिलही गेली असेल. परवा कचेरीत नव्या मुलांच्या मुलाखतीचे फॉर्म बघितले. तो प्रश्न आता छापलेला आहे. "कुटुंबाचे दफनस्थान." मी नव्या निबंधकांना विचारलं, हे कशासाठी? ते म्हणाले, "पूर्वीपासून आहे, सर. पाळकीय माहिती."

उद्या मुलाखती आहेत. मला कुणी बोलावलेलं नाही. मी जाणार आहे. त्या टेबलाला स्वतःची खुर्ची लावून बसणार आहे. पहिल्या मुलानं तोंड उघडायच्या आत मी निबंधकांना विचारणार आहे, तुमच्या वडिलांना कुठं ठेवलं? भिंतीच्या कुठल्या बाजूला?

त्यांचं उत्तर फॉर्मवर आधी येईल. मी लिहीन. पेनानं.