कोंबडा धाकट्या आईच्या अंगणात

फानेसी चिसाले कुणाच्या अंगणात शिरली की आधी जमिनीकडे बघते. माणसांची विचारपूस नंतर. कोंबड्यांची विष्ठा नेहमीसारखी दिसली तर पुढे येते. हिरवी, पाणचट दिसली तर तिथूनच मागे फिरते आणि घरी जाऊन राखेने पाय घासून धुते. डोवाच्या टेकड्यांमधल्या चिम्बालांगा गावात तिने मागे फिरण्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. एकदा चष्मा घरी राहिला म्हणून ती एका दारातून परतली, तर तासाभरात त्या घरच्या बाईने तीन चांगल्या कोंबड्या कापून चुलीवर चढवल्या होत्या.

वय बावन्न. अंगाने बुटकी, चालीने भरभर. वर्षातून तीनदा, कोंबड्या खुराड्यातून सुटायच्या आत, ती उजाडता उजाडता घरोघर फिरते. हातात मडकं, मडक्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली लशीची बाटली. प्रत्येक कोंबडीच्या एका डोळ्यात एक थेंब, आणि तिने पापणी मिटेपर्यंत तिला सोडायचं नाही. मधेच सोडली तर पुन्हा पकडायला लावते. एक गडी वैतागून म्हणाला, "बाई, कोंबडी आहे ती, नवरी नाही."

"नवरी पळाली तर संध्याकाळी परत येते," फानेसी म्हणाली. "धरा नीट."

गावात अठ्ठेचाळीस घरं. सत्तेचाळीस घरांच्या कोंबड्यांना तिचा हात लागलेला होता. अठ्ठेचाळिसावं घर तिच्या थोरल्या बहिणीचं, एलुफेचं. तिथे तिला मज्जाव होता, आणि का होता हेही गावाला ठाऊक होतं.

कोंबड्यांच्या मरीला तिकडे चिटोपा म्हणतात. पेरणीआधीच्या उकाड्यात ती येते. आधी कोंबडी पिसं फुलवून कोपऱ्यात बसते, मग पंख जमिनीला टेकतात, मान पिळवटल्यासारखी वळते आणि दोन-तीन दिवसांत कारभार आटोपतो. सहा वर्षांपूर्वी ती फानेसीच्या अंगणात आली. पहिल्या दिवशी चार कोंबड्या गेल्या. तेव्हा तिने जे केलं ते त्या गावातली कुठलीही शहाणी बाई करत आली होती: धडधाकट दिसणाऱ्या नऊ कोंबड्या टोपलीत घातल्या आणि बहिणीकडे नेऊन ठेवल्या. आग लागली की भांडीकुंडी शेजारी नेऊन ठेवावीत, तशी. एलुफेनेही बिनतक्रार ठेवून घेतल्या. बहिणीच्या अडचणीला दार लावायचं नसतं.

आठवड्याभरात एलुफेच्या एक्केचाळीस कोंबड्या मेल्या. फानेसीच्या नऊ त्यांच्याआधी. त्या एक्केचाळीस कोंबड्यांवर एलुफेच्या मुलीची, तियांजानेची शाळा चालली होती. पोरीचं एक वर्ष बुडालं, मग दुसरं, आणि मग ती परत गेलीच नाही.

एलुफे भांडली नाही. फक्त त्या दिवसापासून ती सख्ख्या धाकट्या बहिणीला नावाने हाक मारायची बंद झाली. तिच्या लेकराच्या नावाने "मायेसोची आई," असं म्हणू लागली. शेजारणीला, बाजारातल्या ओळखीच्या बाईला म्हणतात तसं, अगदी आदराने.

बाजारगावच्या जनावरांच्या कचेरीतल्या माणसाने फानेसीला पुढे त्याच वर्षी समजावून सांगितलं, की दुखणं दिसायच्या आधीच ते कोंबडीच्या पोटात असतं. धडधाकट कोंबडी हलवली की तेच हलतं. तिने ते ऐकून घेतलं आणि थेंब टाकायला शिकवा म्हणाली. शिकायला आलेल्या अकराजणांत ती एकटी बाई होती, आणि सहा वर्षांनी काम करत राहिलेलीही ती एकटीच. पहिल्या वर्षी गावाने तिला नऊच घरांत येऊ दिलं. मर येऊन गेली आणि त्या नऊ घरांतली खुराडी भरलेली राहिली, तेव्हा पुढच्या वेळी लोक तिला बोलवायला आले. एलुफे आली नाही. तिने पुन्हा एका कोंबडीपासून सुरुवात करून सव्वीस केल्या होत्या, आणि त्या बहिणीच्या हातात द्यायच्या नाहीत हे तिचं ठरलेलं होतं.

गेल्या ऑक्टोबरात तियांजानेचं लग्न ठरलं. मुलगा विटनेस, ओढ्यापलीकडच्या कान्योझा गावचा, सुतारकाम करणारा. लग्न पक्कं करायचा विधी, चिंखोस्वे, आठ दिवसांवर आला. त्यात दोन्हीकडचे मामा समोरासमोर बसतात. मुलाकडून कोंबडा येतो, मुलीकडून कोंबडी जाते. एवढी देवघेव झाली नाही तर बाकी भाषणं, नाच, जेवण सगळं फुकट. एलुफेच्या घराण्यात आणखी एक रीत होती: आलेला कोंबडा कापायचा नाही. त्याने दुसऱ्या दिवशी उजाडताना मुलीच्या आईच्या अंगणात बांग दिली की मगच लग्न पक्कं.

त्याच आठवड्यात कान्योझात मर सुरू झाल्याची बातमी आली. फानेसीला ती पाण्याच्या हापशावर कळली. घागर तशीच ठेवून ती बिनवेल मामांकडे गेली आणि तिकडचा कोंबडा आत्ता इकडे नको म्हणाली. बिनवेल मामा म्हणजे दोघी बहिणींच्या आईचे भाऊ. त्या कुळातल्या सगळ्या बायकांचा आणि त्यांच्या लेकरांचा शब्द शेवटी त्यांच्यापाशी येऊन थांबतो. त्यांनी एलुफेलाही बोलावून घेतलं.

मामांचं म्हणणं सरळ होतं. कोंबडा यायलाच हवा. आजोबांच्या लग्नात आला, आईच्या लग्नात आला. विधी पुढे ढकलला तर मुलाकडचे म्हणतील यांना मुलगी द्यायची नाही. एलुफेचं म्हणणं त्याहून आखूड होतं: रीत ती रीत. मग थोडं थांबून ती म्हणाली, की आता ज्यांना तिच्या घरात काही येऊ नये असं वाटतं, त्यांनी सहा वर्षांपूर्वी तो विचार करायला हवा होता.

फानेसीने ते गिळलं. तिच्यापुढे हिशोब स्पष्ट होता. एलुफेच्या सव्वीस कोंबड्यांना थेंब मिळालेला नव्हता. आज दिला असता तरी अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि हातात आठ दिवस होते. कोंबडा त्या अंगणात गेला तर बहिणीचं खुराडं दुसऱ्यांदा रिकामं होणार होतं. ती गप्प बसली असती तर या वेळी दोष तिच्यावर आला नसता. तिला दोषाची पर्वा नव्हती, असं नाही. पण रिकामं खुराडं तिने एकदा बघितलं होतं.

"मामा," ती म्हणाली, "तियांजानेला आया किती?"

मामांनी तिच्याकडे बघितलं. त्यांच्यात आईच्या बहिणीला वेगळं मानत नाहीत. थोरली असेल तर थोरली आई, धाकटी असेल तर धाकटी आई. "दोन," ते म्हणाले. "एक ही, एक तू."

"मग कोंबडा धाकट्या आईच्या अंगणात आरवू द्या. रीत मोडत नाही."

मामा हसू लागले. त्यांना दातांचा त्रास होता, तरी हसले. "अगं, तू कोंबड्यांचं औषध शिकलीस की वकिली?"

एलुफे हसली नाही. "आणि मेला तर?"

"मेला तर माझ्या अंगणात मरेल."

"तुझ्याही कोंबड्या आहेत."

"त्यांना थेंब मिळालाय."

एलुफेला नाही म्हणायचं तर फानेसी तियांजानेची आई नाही असं मामांसमोर म्हणावं लागलं असतं, आणि तेवढं तिच्याने होईना. "बघा तुम्हीच," ती मामांना म्हणाली आणि कमरेला गुंडाळलेलं चितेन्जेचं कापड घट्ट आवळत उठली. फानेसीने मागून आणखी एक मागणं केलं: पलीकडे जायची कोंबडीही माझ्याच खुराड्यातली जाऊ द्या. एलुफेने मागे न बघता हात हलवला. तो होकार आहे असं मामांनी ठरवून टाकलं.

विधी नीट पार पडला. मुलाच्या मामाने, लेफाती नावाच्या उंच, खोकणाऱ्या माणसाने, लाल कोंबडा दिला. बिनवेल मामांनी फानेसीची ठिपक्यांची कोंबडी दिली. जेवणात बकरं, भात, मक्याच्या पिठाचा घट्ट न्सिमा आणि भोपळ्याच्या पानांची भाजी. बायका नाचल्या. फानेसी त्या सगळ्या वेळात कोंबडा झाकलेल्या टोपलीत घेऊन रस्त्याकडेला बसली होती आणि लोक तिची टर उडवत होते, की नवरा मुलगा इकडे आणि ही बाई तिकडे कोंबड्याशीच लग्न लावून बसलीय. तिचा नवरा लावसन, जो गावात सायकली दुरुस्त करतो आणि एरवी फारसा बोलत नाही, तो म्हणाला, "बसू द्या. तो तरी तिचं ऐकतो."

घरामागच्या जुन्या स्वयंपाकाच्या झोपडीत तिने कोंबडा ठेवला. एकवीस दिवस, असं तिने मामांना सांगितलं होतं. त्याचं पाणी वेगळं, दाणा वेगळा, झोपडीत जायच्या चपला वेगळ्या. दुसऱ्या दिवशी उजाडताना त्याने खणखणीत बांग दिली. मामा त्यासाठी काठी टेकत आले होते. ऐकून समाधानाने परत गेले.

सातव्या दिवशी कोंबड्याने दाण्याला तोंड लावलं नाही. आठव्या दिवशी मान वळली. नवव्या दिवशी तो मेला.

फानेसीने खोल खड्डा खणला, कोंबडा जाळला आणि राख पुरली. मेलेली कोंबडी तिकडे सहसा कुणी टाकून देत नाही, पातेल्यात जाते; पण पिसं आणि आतडी अंगणभर होतात आणि मर तिथूनच पुढे सरकते. मामा आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. चिंखोस्वेचा कोंबडा मेला म्हणजे लोक काय काय बोलतील. बांग तर देऊन झाली आहे, विषय इथेच दडपून टाक, त्यांनी सुचवलं. लावसनही जमिनीकडे बघत राहिला.

ती कबूल झाली नाही. कोंबडा गेला हे लपवलं तर गाव कान्योझाला कोंबड्या नेत-आणत राहील. आणि एलुफेपासून ती आणखी काहीही लपवणार नव्हती.

ती बहिणीच्या घरी गेली, पण अंगणात शिरली नाही. रस्त्यावर, तीस पावलांवर उभी राहून तिने हाक मारली. एलुफे दारात आली. मधल्या जागेत तिच्या कोंबड्या माती उकरत होत्या.

"कोंबडा गेला, ताई."

"कधी?"

"सकाळी. जाळला."

"तुझ्या कोंबड्या?"

"उभ्या आहेत. गेल्या थेंबानंतर निघालेली आठ पिल्लं होती. त्यातली तीन उरतील असं वाटतंय." ते सांगताना तिचा आवाज नेहमीचाच होता. ती पिल्लं तिने परसाच्या दुसऱ्या टोकाला, नवऱ्याच्या दुकानामागे हलवली होती. ते पुरलं नाही. दुखणं तिथवर कुठून गेलं असेल हे ती दोन दिवस मनात शोधत होती आणि तिला सापडत नव्हतं.

एलुफेने आपल्या अंगणाकडे बघितलं, मग रस्त्यावर उभ्या असलेल्या बहिणीकडे. आत गेली आणि दार लोटून घेतलं.

महिन्याभराने लेफाती आला. फानेसीने त्यालाही रस्त्यावरच उभं केलं, आणि तो बिचारा मुलाकडचा वडीलधारा माणूस असून उन्हात उभा राहिला. मामांना आणि एलुफेला तिथेच यावं लागलं. सगळ्यांना वाटलं मेलेल्या कोंबड्यावरून काही वाद निघणार. पण लेफाती म्हणाला, की कान्योझात पंख म्हणून उरला नाही. आपला कोंबडा इथे येऊन निदान आरवला तरी, बाकीचे मुकाट्याने गेले.

"आणि आमची कोंबडी?" मामांनी विचारलं.

"तेच सांगायला आलोय. सगळ्या गावात तुमची ती ठिपक्यांची एकटी फिरते. अंडी घालतेय. आमच्या बायका बघायला येतात तिला." तो खोकला. "ती काय खाऊन आली होती?"

एलुफे त्या माणसाकडे बघत होती. मग तिने चितेन्जेच्या टोकाने तोंड पुसलं आणि लेफातीला प्यायला मक्याची गोडसर आंबील, थोब्वा, आणायला गेली. आणलेला वाडगा तिने रस्त्याच्या मध्यावर ठेवला आणि मागे सरली, म्हणजे फानेसी जसं करायला लावते तसं.

डिसेंबरात, गावात मर न पसरता तो मोसम सरल्यावर, फानेसीने नवी बाटली आणली. सकाळी पहिल्या घराकडे निघाली तेव्हा रस्त्यात एलुफे उभी होती. ती वाट सोडून आपल्या घराकडे वळली. फानेसी मागोमाग गेली. अंगणाच्या तोंडाशी थांबून सवयीने जमिनीकडे बघितलं. विष्ठा चांगली होती. तरी ती आत जाईना.

खुराड्याचं दार अजून बंद होतं. उजाडून बराच वेळ झाला होता आणि आतून कालवा चालला होता. एलुफेने हात घालून पहिली कोंबडी काढली, काळी, जुनी, जिच्यापासून तिने पुन्हा सुरुवात केली होती ती. पंख दाबून, मान वळवून, डोळा वर करून धरली. कुणी शिकवल्याशिवाय इतकं नीट धरता येत नाही. ती सहा वर्षं कुंपणाआडून बघत आली असणार.

"हिचा उजवा डोळा जरा अधू आहे," ती म्हणाली. "डाव्यात टाक, फानेसी."

फानेसीने थेंब टाकला. कोंबडीने पापणी मिटली. एलुफेने तरीही तिला सोडलं नाही. पापणी पुन्हा उघडेपर्यंत धरून ठेवली, मग जमिनीवर ठेवून दुसरीसाठी खुराड्यात हात घातला.