गाडीला बांधलेली घंटी

बाळांनो, शेजारच्या सायरनमामांना निवांत बसून पुरतं जेवताना मी कधी पाहिलं नाही. हातात घास, कान दाराकडे. हे नाव त्यांना आमच्या गल्लीनं दिलं. त्याआधी पूर्णा स्टेशनवरून निवृत्त झालेले ते साधे मामा होते.

मामींना विसरण्याचा आजार जडला. डोळा चुकवून त्या स्टेशनकडे निघायच्या, पिंगळीला आईकडे जायला. ती आई कधीच वारली होती. एकदा त्या रुळांमधून चालताना सापडल्या. मी म्हटलं, "मामा, बाहेरून कडी लावत जा."

"कोंडायचं व्हय, बाई?" मामा चिडले. ते राणीसावरगावच्या शेळ्यामेंढ्यावाल्या घरातले. "भटक्या शेळीच्या गळ्यात आमी घंटी बांधतो, कोंडत न्हाई. आता हिच्या गळ्यात कशी बांधू?"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मेकॅनिकला घरी बोलावलं. त्यानं मामांच्या मोटारसायकलचं सीट काढलं, बॅटरीजवळ धक्का लागताच वाजणारा सायरन बसवला आणि विचारलं, "आधीची गाडी चोरीला गेली का, मामा?"

"गाडी कोण नेतंय? माणूस जायलंय."

"एवढा नाजूक नका ठेवू. मांजर बसलं तरी बोंबलंल."

"बोंबलू दे. लवकर बोंबलू दे!"

मग गाडी दारात आडवी लागू लागली. मामी सरकून जायला बघत, धक्का लागे आणि सगळी गल्ली दचके. माझ्या आखीव दुपारची वाताहत झाली. मामा अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून धावत.

"कुठं निघालीस?"

"पिंगळीला. आई वाट बघायलीय."

"मग चल, सोडतो की."

मामींना मागे बसवून ते स्टेशनला फेरी मारून आणत. "चुकली बघ गाडी. उद्या जाऊ." त्या हो म्हणत. मामांनी त्यांना खोटं पाडलेलं मी कधी ऐकलं नाही.

पुढे मामी त्यांचं नावही विसरल्या. पण सीटवर थाप मारली की हा माणूस धावत येतो, हे मात्र त्यांना पाठ झालं. पाणी हवं, थाप. भीती वाटली, थाप. "लय हुशार हाय," मामा धापा टाकत सांगायचे, "मालक झालीय माझी."

गेल्या हिवाळ्यात दुपारी झोपेतच मामी गेल्या. मामा शेजारच्याच खोलीत होते. तेराव्यानंतर मेकॅनिकनं विचारलं, "सायरन काढू का आता?"

मामा म्हणाले, "राहू दे. ह्या वेळेला मातर वाजला न्हाई."

गाडी अजून दारात आडवीच असते. गल्लीमागच्या रुळांवरून मालगाडी गेली की जमीन थरथरते आणि सायरन वाजतो. मामा धावत बाहेर येतात. हातातलं काम टाकून मीही उठते. मग भिंतीपलीकडून आवाज येतो, "काई न्हाई बाई, मालगाडी हाय. बसा तुमी."

मी बसते. ते मात्र दारातच उभे असतात.