चुकलं साहेब

"चुकलं ताई, जाऊ द्या." दोन्ही हात जोडून, मान जराशी वाकवून. वकीलसाहेबांचं हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, देवाला ठाऊक. चहा मी त्यांच्या फायलीवर सांडायची आणि माफी ते मागायचे. कोणाची मोटारसायकल त्यांच्याच पायाला घासून जायची आणि हात हेच जोडायचे. मी वैतागून म्हणायची, "अहो, यात तुमचं काय चुकलं?" तर म्हणत, "काही न्हाई ताई, सवय हाय."

वसमतला कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. त्यांना बसायला जागा नव्हती, म्हणून टेबलाचा एक कोपरा मी दिला होता. वकिलीची सनद जुनी, चेहरा उन्हानं रापलेला, आणि कोट इतका नवा की त्याची घडी मोडायलाही ते भीत.

सनद मिळाली आणि वर्षभरातच त्यांचा थोरला भाऊ वारला. दारात त्याचा ट्रक उभा, घरात त्याची बायको-लेकरं. "कोणीतरी चालवायलाच पाहिजे व्हता ना," एवढंच ते सांगत. आमच्याकडची हळद सांगलीला नेण्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. परत आले तेही हौसेनं नव्हे. साखरेच्या आजारानं डोळे अधू झाले. डॉक्टरांनी बजावलं, आता स्टेअरिंगला हात लावाल तर स्वतः मराल आणि दुसऱ्यालाही माराल. वकिली जमली तर घर चालणार, नाहीतर पुन्हा ट्रकच. तिसरी वाट नव्हती.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. धंदा सुटतो, पण अंगातून जात नाही. मी स्कूटर काढण्याआधी हे तिचे दोन्ही टायर मुठीनं ठोकून बघणार. ड्रायव्हर लोक अजून त्यांना उस्ताद म्हणत, माझ्याकडचा चहा फुकट पीत आणि केस मात्र दुसऱ्या वकिलाकडे नेत. "उस्ताद, तुमी आपलेच, पण मामला जरा अवघड हाय ना," असं तोंडावर सांगायचे मेले! त्यावरही वकीलसाहेब म्हणत, "बराबर हाय."

शेवटी एक केस आली. हट्टा गावची एक म्हातारी मावशी, मागं-पुढं कोणी नाही. भावकीनं बांध फोडून तिचं रान नांगरून घेतलं होतं. कोर्टाची मनाई मिळाली नाही तर पेरणीही तेच करणार होते. मोजणीचा नकाशा दाखल करायला उशीर झाला होता, पण सरकारी कचेरीतून नक्कलच उशिरा मिळाली होती आणि तसा शिक्का तिच्यावर होता. उत्तर अगदी तयार होतं. टाईप करता करता मी मध्येच विचारायची, "उशीर का झाला?" की ते घडाघडा सांगायचे. मला वाटलं, चला, माणूस उभा राहिला.

तारखेला दुकान बंद करून मी मागच्या बाकावर जाऊन बसले. न्यायाधीशांनी नकाशा पाहिला आणि जरा चढ्या आवाजात विचारलं, "हा कागद आज? आधी का नाही?"

झालं! आवाज चढला आणि वकीलसाहेबांचे हात जुळले. "चुकलं साहेब. या बारीला जाऊ द्या."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण रस्त्यात पोलिसानं गाडी अडवल्यावर चिरीमिरीसाठी जातो तसा उजवा हात खिशाकडे गेला आणि कोटाच्या गुंडीवर येऊन अडला. कोर्टात हशा पिकला. न्यायाधीश हसले नाहीत. "वकीलसाहेब, कारण सांगा," असं त्यांनी समजुतीनं पुन्हा विचारलं. कारण माझ्या ओठांवर होतं हो! त्यांनी पुन्हा हातच जोडले. मनाई मिळाली नाही.

बाहेर आल्यावर मावशी ओरडली नाही. म्हणाली, "लेकरा, चूक आपली नव्हती ना? मग काहून कबूल केली?"

त्यांनी हात जोडायला उचलले आणि तसेच खाली सोडले.

संध्याकाळी त्यांनी कोट काढून माझ्या दुकानातल्या खिळ्याला अडकवला. "राहू द्या इथं. गाडीत खराब व्हईल."

मी भांडले त्यांच्याशी. "डोळ्यांचं काय? मरायला चाललात का?"

"उजेडातच चालवीन. लई वर्षं वाकलो ताई, रस्त्यावर. आता उभं राहता येऊन न्हाई राहिलं." मला रडू आलं आणि त्यांचा भयंकर रागही आला.

परवा दुकानासमोर हळदीच्या पोत्यांचा ट्रक थांबला. उन्हं उतरायची होती, लख्ख उजेड होता. वकीलसाहेब खाली उतरले. टायर ठोकून बघायला निघाले होते, पण एकेक टायर हातानं चाचपत पुढं सरकत होते. मी खिळ्यावरचा कोट ओढला आणि पायरीवर आले. "अहो, थांबा! थांबा जरा!"

ते दचकले. माझ्याकडे बघायचं म्हणून वळले ते शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानाकडे. त्याचं शटर बंद होतं. त्या बंद शटरपुढं हात जोडून, मान वाकवून म्हणाले, "चुकलं साहेब. जाऊ द्या. काढतो गाडी लगेच."

चाचपडत त्यांनी दाराची कडी शोधली, वर चढले आणि गाडी काढली. मी कोट हातात घेऊनच मागं धावले, ओरडत. पुढच्या वळणावर शाळा नुकतीच सुटली होती.