स्वतः विचारले

नामदेवराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी नालवाडीच्या घरी दाढी करत होतो. "बाबा सकाळीच गेले," त्यांची सून म्हणाली आणि माझ्या तोंडून निघालं, "किती वाजता?"... जन्मभर बातम्या घेतल्याची सवय. लगेच लाज वाटली. त्याला आता महिना झाला.

ते वडनेरचे आमच्या दैनिकाचे वार्ताहर, मी वर्ध्याच्या कार्यालयात उपसंपादक. नव्वदच्या दशकात त्यांची बातमी एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाकिटातून यायची. गोल अक्षर, आणि समासात प्रत्येक नावासमोर 'स्वतः विचारले' असा शेरा. पुढे फॅक्स आला, ई-मेल आला, संकेतस्थळं आली. आमची जिल्ह्याची चार पानं होती, त्यांतलं एक उरलं. गावच्या बातम्या आता नकोत, हे त्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. "मंग गावात काई झालं त लोकायले कसं समजन?" एवढंच त्यांनी विचारलं.

त्याच वर्षी हिवाळ्यात हिंगणघाट रस्त्यावर जीप उलटली. एका संकेतस्थळानं तासाभरात मृतांची नावं दिली, त्यात वडनेरची मंदा. कुणीतरी ते वाचून गावात फोन केला आणि तिच्या घरी रडारड सुरू झाली. नामदेवराव तिथे जाऊन म्हणाले, "तिले कोणं पाह्यलं?" मंदाचा भाऊ अंगावर धावून आला, "काऊन खोटी आशा लावून राह्यले?" नामदेवराव तसेच निघाले. मिळेल त्या गाडीनं, जखमींना नेलं होतं त्या सावंगीच्या दवाखान्यात गेले, वॉर्डावॉर्डात हिंडले. मंदा सापडली, पाय मोडलेला, पण शुद्धीवर. मेलेली बाई त्याच नावाची, दुसऱ्या गावची. त्यांनी कुणाचा तरी मोबाईल मागून मंदाच्याच हाती दिला, "तूच बोल. माह्यावर इस्वास नाई बसनार त्यायचा."

संध्याकाळी संकेतस्थळावरून ते नाव काढलं गेलं. खुलासा नाही, दिलगिरी नाही. दुसऱ्या दिवशी नामदेवराव माझ्याकडे आले. "चुकलं त सांगा लागते ना? तुमी तरी चार ओळी छापा." मी संपादकांना विचारलं. ते म्हणाले, चूक आपली नाही, जागाही नाही. मी पुढे बोललो नाही... ते आजही सलतं.

परवा वडनेरला गेलो. सुनेनं खिळ्याला टांगलेली एक फाईल काढून दिली. "बाबा हेच वाचत बसत." मला वाटलं, गाजलेल्या बातम्यांची कात्रणं असतील. तशी एकही नव्हती. होते ते फक्त त्यांच्या स्वतःच्या चुकांचे छापून आलेले खुलासे. कुठे सरपंचाचं आडनाव, कुठे लग्नातल्या मामाचं गाव. खाटेवर बसून मी सगळे वाचले. फाईल मागितली नाही. परत खिळ्याला लावून आलो.